फॉरमॅट मारण्याआधी



गेल्या काही महिन्यांत प्रभाग संघांच्या कार्यालयांत गेलं की एकच तक्रार कानावर येते. संगणक फार हळू झालाय, सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो, आणि मधूनच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना येते. ही सूचना बऱ्याचदा विंडोज १० बद्दलची असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. म्हणजे संगणक बंद पडणार असं नाही, तो चालतोच. पण नवनवीन व्हायरसपासून वाचवणाऱ्या दुरुस्त्या त्याला पूर्वीसारख्या येत नाहीत. म्हणून कोणी विंडोज ११ टाकायला निघालंय, तर कोणी आहे तेच विंडोज पुन्हा नव्याने टाकून घेतंय. तालुक्याच्या दुकानात नेलं की दुकानदार एका वाक्यात निकाल देतो, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल."

आपण मान हलवतो, कारण त्या शब्दाचा अर्थ विचारायला संकोच वाटतो. अर्थ सोपा आहे. घराला रंग द्यायचा म्हणून रंगारी आला आणि त्याने आतलं सगळं सामान, भांडी, कपडे, कागदपत्रं, काही न विचारता उकिरड्यावर नेऊन टाकलं, मग रिकाम्या घराला छान रंग दिला. फॉरमॅट म्हणजे हेच. घर चकाचक होतं, पण आपलं सामान आधी बाहेर काढून ठेवलेलं नसेल तर ते गेलं. हे सामान आधी बाहेर काढून दुसऱ्या जागी ठेवणं म्हणजे बॅकअप. हे काम दुकानदाराचं नाही, आपलं आहे. संगणक दुरुस्त करणं त्याला येतं, पण आपल्या कोणत्या फाइलवर कोणत्या बाईचं कर्ज अवलंबून आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार?

काय परत मिळतं, काय मिळत नाही

आधी हे समजून घेऊ, म्हणजे उगाच घाबरायला होत नाही. विंडोज परत टाकता येतं. वर्ड-एक्सेल परत टाकता येतं, त्याचा परवाना असेल तर तो तेवढा जपून ठेवायचा. प्रिंटरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर मिळतं. शासन निर्णय परत डाउनलोड होतात. बँकेचं स्टेटमेंट बँक देते. लोकओएसमध्ये भरलेली गटांची माहिती तिकडच्या सर्व्हरवर असते, ती आपला संगणक फॉरमॅट केला म्हणून जात नाही. जीमेलमधले मेलही तसेच.

जे फक्त आपल्याच संगणकात आहे ते मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही. सभासदनिहाय कर्जाचा एक्सेलमधला तक्ता, कोणत्या गटाला किती समुदाय गुंतवणूक निधी दिला आणि किती परत आला याची नोंद, सभांची टाइप केलेली इतिवृत्तं, बँकेला दिलेल्या प्रस्तावांच्या प्रती, गटांचे सूक्ष्म नियोजन आराखडे, मसाल्याच्या नि पापडाच्या पाकिटाचं लेबल, मालाचा दर कसा काढला त्याचं गणित, प्रदर्शनातल्या विक्रीचा हिशेब, प्रशिक्षणांचे फोटो. कुणी म्हणेल, फोटो गेले तर काय बिघडलं? पण उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर प्रशिक्षणाचे फोटो मागतात तेव्हा कळतं काय बिघडलं ते.

शेजारच्या तालुक्यातल्या एका संघाचं उदाहरण सांगते, कारण ते निस्तरायला मदतीला मीही गेले होते. तिथे दुकानदाराने बॅकअप घेतला होता, निदान तसं तो म्हणाला होता. डेस्कटॉपवर दिसणारी सगळी चिन्हं उचलून त्याने पेनड्राइव्हमध्ये टाकली होती. संगणक परत आला, पेनड्राइव्ह लावला, चिन्हं दिसली, सगळ्यांना हायसं वाटलं. पण चिन्हावर क्लिक केलं की काहीच उघडेना. ती सगळी शॉर्टकट होती. शॉर्टकट म्हणजे घराकडे बोट दाखवणारी पाटी. पाटी उचलून आणली, घर तिकडेच राहिलं आणि पाडलं गेलं. मग बायकांची पासबुकं गोळा करून, गटांच्या वह्या समोर ठेवून पुन्हा एकेक हप्ता भरत बसावं लागलं. पासबुकं होती म्हणून निभावलं. दोघींची पासबुकं पावसात भिजून अक्षरं गेली होती. त्यातल्या एकीचं म्हणणं, माझे दोन हप्ते जास्त भरलेले आहेत. बाई खोटं बोलणारी नव्हती, पण दाखवायला कागद नाही. त्या दोन हप्त्यांवरून तीन सभा गेल्या आणि गटातल्या दोन बायकांचं बोलणं बंद झालं.

म्हणून शॉर्टकट ओळखायला शिका. चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. बाण दिसला की समजायचं, ही पाटी आहे, माल दुसरीकडे आहे. त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं की खरी जागा दाखवतो.

फाइली लपतात कुठे

आपल्याला वाटतं सगळं डेस्कटॉपवरच आहे. तसं नसतं. पिवळ्या फोल्डरचं चिन्ह उघडा, 'धिस पीसी' मध्ये जा, सी ड्राइव्ह उघडा, आणि त्यात 'युजर्स' नावाचं फोल्डर शोधा. त्याच्या आत प्रत्येक लॉगिनच्या नावाचं एकेक फोल्डर असतं आणि त्या प्रत्येकाच्या पोटात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. आपण एकाच नावाने लॉगिन करतो म्हणून आपल्याला एकच दिसतं. पण दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या लेखापाल ताईचं वेगळं लॉगिन असेल, तर तिच्या काळातले हिशेब तिच्या फोल्डरमध्ये अजून पडलेले असतील. उघडताना संगणक परवानगी मागेल, 'कंटिन्यू' म्हणा. शक्य असेल तर निवडत बसू नका, आपल्या कामाच्या प्रत्येक लॉगिनमधली ही चारही फोल्डरं पूर्णच कॉपी करा. डाउनलोड्स तर अजिबात सोडू नका. आपण बँकेची पत्रं, व्हॉट्सअॅपवर आलेले फॉर्म तिथेच उघडतो, त्यातच भरतो आणि तिथेच ठेवून देतो.

डेस्कटॉपवरच्या काही फाइलींवर निळ्या ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती फाइल वनड्राइव्हवर आहे, संगणकात पूर्ण उतरलेली नाही. अशा वेळी वनड्राइव्ह कोणत्या ईमेलवर चालू आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे हे आधी पाहा. तो ईमेल जुन्या ऑपरेटरचा वैयक्तिक निघाला तर आत्ताच, ती ओळखीत आहे तोवर, तिला बोलावून फाइली उतरवून घ्या.

टॅली वापरणाऱ्या संघांनी वेगळी काळजी घ्यायची. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. तो कुठे आहे हे कंपनी निवडायच्या पडद्यावर वर लिहिलेलं दिसतं, ते कागदावर उतरवून घ्या. टॅलीच्या आतच बॅकअप घ्यायची सोय आहे, ती वापरा, आणि शिवाय ते डेटाचं फोल्डरही जसंच्या तसं कॉपी करा. दोन्ही करायला पाच मिनिटं लागतात. परवान्याची टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी परवाना 'सरेंडर' करायचा असतो, म्हणजे नंतर तो नव्याने चालू करता येतो. न करता फॉरमॅट केलं तर पुन्हा चालू करण्याची खटपट वाढते. दोन्हीसाठी टॅलीला दिलेला ईमेल आणि पासवर्ड लागतोच.

आता मराठी फाँट. ही गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. आपली जुनी इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेली असतात. फाइल वाचली, पण नव्या विंडोजमध्ये तो फाँट नाही, की पानभर नुसती वेडीवाकडी इंग्रजी चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली असं समजून ती पुसून टाकणारेही आहेत! ती खराब नसते, फक्त फाँट नसतो. त्यावर दोन उपाय. एक, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फाँट्स हे फोल्डर उघडून आपले मराठी फाँट वेगळे कॉपी करून ठेवा. दुसरा मला जास्त पटतो. ठराव, करार, लेखापरीक्षणाला दिलेली पत्रं अशा महत्त्वाच्या फाइली फॉरमॅटच्या आधीच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट सहसा फाइलबरोबरच जातो. पुढे नवं टायपिंग युनिकोडमध्ये करा, म्हणजे मोबाइलवर जी मराठी टाइप करता तसं. ते कुठल्याही संगणकावर वाचता येतं.

राहता राहिले पासवर्ड. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड फॉरमॅटनंतर जाऊ शकतात. संघाचा ईमेल, उद्यम नोंदणी, अन्न परवान्याचं खातं, यांचे पासवर्ड कुणालाच पाठ नसतात, कारण संगणक आपोआप भरतो. ते आधी एका वहीत लिहा आणि वही कपाटात कुलपात ठेवा. पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा कुलपातली वही केव्हाही बरी. संघाच्या ईमेलला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय हेही बघून घ्या, कारण नव्याने लॉगिन करताना ओटीपी त्याच नंबरवर जाणार. डिजिटल सहीचा टोकन असेल तर सही त्या टोकनमध्येच असते, फॉरमॅटने ती जात नाही. फक्त टोकन संगणकाला लावलेला ठेवून दुकानात पाठवू नका.

डी ड्राइव्हचा भरवसा

"सगळं डी मध्ये टाकलंय, डी ला काही होत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! बहुतेक ठिकाणी सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात. एका कपाटाचे दोन फळ्या म्हणा. फक्त सी फॉरमॅट केला तर डी राहतो, हे खरं. पण विंडोज टाकताना सगळे कप्पे पुसून नवे पाडण्याचा पर्याय समोरच असतो, आणि घाईत असलेला मुलगा तोच दाबतो. शिवाय डिस्कच खराब झाली असेल तर वाळवी दोन्ही फळ्यांना लागते. काही नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. त्याची ४८ आकडी चावी आपल्याकडे नसेल तर विंडोज नव्याने टाकल्यावर डी दिसतो, पण उघडत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये हे कुलूप चालू आहे का ते आधी बघा, आणि असेल तर चावी लिहून घ्या.

आपल्याकडे पुढच्या वर्षाचं बियाणं खाण्याच्या धान्यात कुणी ठेवत नाही. वेगळ्या मडक्यात, राख लावून, वेगळ्या जागी ठेवतो, आणि शहाणी बाई थोडं माहेरीही ठेवते. फाइलींचं तसंच करा. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कार्यालयाच्या कपाटात. दुसरी प्रत वेगळ्या जागी, म्हणजे सचिव ताईंच्या घरी, किंवा संघाच्या ईमेलच्या गुगल ड्राइव्हवर. गुगल एका खात्याला १५ जीबी जागा फुकट देतं. मेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात, तरी हिशेबाच्या फाइलींना ती भरपूर होते. इंटरनेट हळू असेल तर निदान एक्सेल आणि टॅली तरी तिथे चढवा, फोटो नंतर.

पेनड्राइव्ह घेताना बाजारात दोनशे रुपयांत 'दोन टीबी' म्हणून विकतात तो घेऊ नका. तो खोटा असतो. संगणकात दोन टीबी दाखवतो, पण थोडं भरलं की पुढचा माल आत शिरतच नाही, आणि आपल्याला ते उघडेपर्यंत कळत नाही. पक्क्या बिलाच्या दुकानातून ६४ जीबीचा घ्या, कार्यालयाला पुरतो. मेळाव्याची लांबलचक व्हिडिओ फाइल कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असं संगणक म्हणाला आणि पेनड्राइव्हमध्ये जागा तर शिल्लक आहे, तर घाबरू नका. काही पेनड्राइव्हची बांधणी अशी असते की त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ती व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्या.

कॉपी करताना

नेहमी कॉपी करा, कट करू नका. कट करताना मध्येच वीज गेली, तर फाइल ना इकडची ना तिकडची व्हायची भीती असते. आपल्याकडे वीज कधी जाते हे काय मी सांगायला हवं? लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि बॅटरी भरून मगच बसा.

कॉपी झाल्यावर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे तपासणं. मूळ फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. आत किती फाइली आहेत आणि एकूण आकार किती ते लिहिलेलं असतं. तेच पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं पाहा. आकडे जुळले पाहिजेत. तीन हजार फाइलींचं फोल्डर आणि पेनड्राइव्हवर काही केबी एवढाच आकार, म्हणजे पाट्या आल्या, घर आलं नाही. मग पेनड्राइव्ह नीट 'इजेक्ट' करून काढा, दुसऱ्या संगणकाला लावा आणि तिथे पाच-सहा फाइली उघडून बघा. एक हिशेबाचा तक्ता, एक मराठी इतिवृत्त, एक पीडीएफ, एक-दोन फोटो. त्याच संगणकावर उघडून बघण्याला फारसा अर्थ नाही, कारण शॉर्टकट तिथे व्यवस्थित उघडतो आणि फसवतो. हे तपासणं झाल्याशिवाय संगणक कार्यालयाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

आणि तो पेनड्राइव्ह संगणकाबरोबर दुकानात पाठवायचा नाही. त्यात बायकांचे आधार कार्ड आहेत, पासबुकाचे फोटो आहेत, सह्या आहेत. दुकानात दिवसभर दहा जण येतात-जातात. सुरक्षित राहावं म्हणून या फाइली गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ठेवायच्या, असंही मी पाहिलंय. तसं करू नका. ग्रुपवर टाकलेला आधार कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये उतरला याचा पत्ता लागत नाही.

दुकानदाराला काय करायचं ते तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. फक्त सी फॉरमॅट करायचा, डी ला हात लावायचा नाही, काही शंका आली तर आधी या नंबरला फोन करायचा. जुन्या संगणकात विंडोज ११ टाकून देतो म्हणाला तर 'हा संगणक त्याला चालतो का' हे विचारा. विंडोज ११ ला प्रोसेसर ठरावीक पिढीनंतरचा लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मशीन त्यात बसत नाहीत. आडवाटेने टाकून देणारे असतात, पण संघाच्या हिशेबाच्या संगणकावर असले प्रयोग नकोत.

संगणक सुरूच होत नसेल तर

बॅकअप कसा घ्यायचा, पडदाच काळा आहे, असं काही जणी विचारतील. विंडोज बिघडलं म्हणजे फाइली गेल्या असं नाही. बहुतेक वेळा डिस्क चांगली असते. दुकानदार ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडू शकतो आणि आपलं फोल्डर कॉपी करून देऊ शकतो. आपण तिथे बसून करवून घ्यायचं. आधी फाइली, मग फॉरमॅट, हा क्रम त्याला ठामपणे सांगा. थोडे पैसे जास्त मागेल, ते द्यावेत.

आणि चुकून फॉरमॅट होऊनच गेलं असेल तर? ताबडतोब तो संगणक वापरणं थांबवा. त्यावर नवीन काही टाकू नका, काही डाउनलोड करू नका, 'बघू काय होतंय' म्हणून चालू-बंद करत बसू नका. पुसलेली फाइल पुष्कळदा डिस्कवर तशीच असते, फक्त तिची जागा मोकळी म्हणून धरलेली असते. नवीन काही लिहिलं गेलं की ती कायमची जाते. फिरत्या जुन्या हार्ड डिस्कमधून अशा फाइली काढून देणारे जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतात. नव्या एसएसडी डिस्कमध्ये ही आशा बरीच कमी असते. कधीकधी फॉरमॅट न करताच नवं विंडोज टाकलेलं असतं, तेव्हा सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर सापडतं आणि जुन्या फाइली त्यात निवांत असतात. पण ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून दिसल्या दिवशीच कॉपी करून घ्या.

संगणक घरी आला की आधी पेनड्राइव्ह लावायची घाई नको. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस चालू आहे का ते बघा, पेनड्राइव्ह त्याच्याकडून तपासून घ्या, मग फाइली परत टाका. परत टाकल्यावरही पेनड्राइव्हवरची प्रत पुसू नका. निदान त्या वर्षाचं लेखापरीक्षण होईपर्यंत ती कपाटात राहू द्या, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून.

हे सगळं फॉरमॅटच्या वेळीच करायचं म्हटलं की दोन दिवस जातात. दर महिन्याच्या सभेआधी लेखापाल ताईने पेनड्राइव्हवर नवी प्रत घ्यायची ठरवली तर अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या दोन ग्रामसंघांनी सभेच्या विषयपत्रिकेत मागील सभेच्या इतिवृत्तानंतर लगेच एक ओळ घातली आहे, 'बॅकअप कोणी घेतला, कोणत्या तारखेला, पेनड्राइव्ह कोणाकडे.' कोषाध्यक्ष ताई उभ्या राहून पेनड्राइव्ह दाखवतात आणि मग पुढचा विषय सुरू होतो.